अर्धी टाकी, पूर्ण घोळ: वादळात अग्निशमनाचा बंब का उलटतो?

नमस्कार मंडळी! गेल्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत आलाय: "दादा, लोकांना वाचवायला निघालेला बंबच कसा काय उलटतो?" एकाने तर निकालच लावला, "ड्रायव्हर नवशिका असणार." थांबा जरा.

आधी सोपं उरकतो. ओला रस्ता घसरतो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यावर गाडी चौपट अंतर घेते. साचलेल्या पाण्यात वेगाने घुसलात तर टायर तरंगतात, स्टिअरिंग नुसतं हातात राहतं. माहितीये तुम्हाला. पुढे.

खरी गोम टाकीत आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. ४,५०० लिटरची टाकी म्हणजे साडेचार टन! पण भरलेली टाकी परवडली, अर्धी नको. भरलेल्या टाकीत पाण्याला हलायला जागाच नसते. अर्धी असली की गाडी डावीकडे वळते आणि पाणी उजवीकडे धावतं.

पटत नाही? वीस लिटरचा पाण्याचा जार स्कूटरवर पायाशी ठेवून आणलाय ना कधी? भरलेला गुपचूप बसतो. अर्धा असला की वळणावर गुडघ्याला ढुशा देतो.

माझे वडील उन्हाळ्यात पाण्याचा टँकर चालवायचे. पहिल्या वाडीवर निम्मं पाणी उतरवलं की पुढे गाडी आणखी हळू घ्यायचे. मी म्हणायचो, "आबा, वजन कमी झालं ना, पळवा की!" ते म्हणायचे, "पाणी जागं झालंय आता."

आता हेच वादळात बघा. शॉर्टसर्किटची आग विझवून बंब परत निघालाय, टाकी अर्धी. तेवढ्यात दुसरा कॉल. टाकी भरायला वेळ कुठला? २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत झाडंच शेकड्यांनी पडली होती. अशा दिवशी झाडं हटवायलाही बंबाला कॉलवर कॉल येतात आणि जागं झालेलं पाणी घेऊन गाडी पळते.

हो, कमेंटवाले साहेब, टाकीत आडवे पत्रे असतात, बॅफल म्हणतात त्यांना. पाण्याची धाव त्याने मोडते, पण पाणी गोठत नाही ना!

त्यात आपली साइडपट्टी. पावसाने भुसभुशीत झालेली. डावं चाक खाली उतरलं आणि ड्रायव्हरने घाबरून झटक्यात वर ओढलं की पाणी उलट्या बाजूला आपटतं, गाडी आडवी. अमेरिकेत पाण्याच्या टँकरचे अपघात तपासले, तिथेही हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसला. म्हणजे सगळेच नवशिके का?

आणि आपण काय करतो? काचा बंद, एसी चालू, गाणी जोरात, बाहेर धो धो पाऊस. सायरन ऐकू येणार कसा? बंब ऐनवेळी दिसतो, आपण मध्येच करकचून ब्रेक मारतो, आणि मागे साडेचार टन पाणी! मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई मध्ये वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. पण दंडाचं सोडा, पावसात काच बोटभर खाली ठेवा हो.

शेवटची कमेंट. "झाड उचलायला करवत लागते, मग टाकी रिकामी करूनच का जात नाहीत?" प्रश्न चांगलाय भाऊ. पण त्या झाडाखाली एखादी गाडी पेटलेली असली, तर विझवायची कशाने?