कोणता आकडा मोजायचा?

मंडळी, तुम्ही सगळे संघटना चालवणारे, तेव्हा निवेदन कसं लिहायचं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पोच घेतलेल्या निवेदनांची चळत तुमच्या प्रत्येकाच्या कपाटात असेल. ‘सभासदांची परिस्थिती अत्यंत हलाखीची आहे, तरी सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा’ हे वाक्यही त्यात असेल. वाक्य खरं आहे. पण टेबलापलीकडच्या माणसाने त्याचं करायचं काय? टिपणी लिहायची तर कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अंदाजपत्रकातल्या कोणत्या खर्चाच्या खात्यात, आणि किती रकमेची? तो फाइल बाजूला ठेवतो, कारण पुढे पाठवण्यासारखं तिच्यात काही नसतं.

म्हणून मी आज पुण्याच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीबद्दल, म्हणजे कचरावेचकांच्या संघटनेबद्दल बोलणार आहे. १९९३ साली ती उभी राहिली. डॉ. बाबा आढावांची हमाल पंचायतीची परंपरा पाठीशी होती, एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून आलेल्या कार्यकर्त्या होत्या. सभासद बहुतेक बायका, त्याही बहुतेक दलित समाजातल्या. काही कचराकुंडीतून भंगार वेचणाऱ्या, काही दारोदार फिरून डबा-बाटली, रद्दी विकत घेणाऱ्या. आधीची लढाई ओळखपत्राची होती. नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांना मान्यता दिली, आणि ही बाई चोर नाही, कामावर आहे, हे कागदावर आलं.

मग २००१ साली पूर्णिमा चिकरमाने, मेधा देशपांडे आणि लक्ष्मी नारायण यांचा पुण्यातले भंगारवेचक, भंगार व्यापारी आणि पुनर्चक्रीकरणाचे उद्योग यांच्यावरचा अभ्यास आला. यात बायकांची कमाई, कर्ज, आजार हे सगळं होतंच. ते असायलाच हवं. पण सगळ्यांच्या तोंडी राहिला तो वेगळाच हिशोब. या बायका जो माल उचलतात तो पालिकेला उचलावा लागत नाही. तो कचरा डेपोपर्यंत वाहून न्यायचा खर्च वाचतो, तिथे त्याची विल्हेवाट लावायचा खर्च वाचतो. एक बाई महिन्याला २४६ रुपयांचं काम पालिकेसाठी फुकट करते, आणि सगळ्यांचं मिळून वर्षाला १ कोटी ६० लाख रुपये वाचतात, असा तो आकडा होता.

इथे जरा थांबतो. फेरी संपली की बाई बोचकं सोडते आणि माल निवडते. पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा, काच, पत्रा, प्लास्टिक वेगळं. मग भंगाराच्या दुकानात प्रत्येक ढीग काट्यावर चढतो. म्हणजे किलो रोज मोजले जातच होते, फक्त ते बाईची कमाई म्हणून मोजले जात होते. तेच किलो पालिकेच्या वाहतूक खर्चाच्या बाजूला मांडले, आणि मदत मागायला आलेली बाई पालिकेची देणेकरीण उरली नाही, घेणेकरीण झाली. तुमच्याही संघटनेत असं काहीतरी रोज मोजलं जात असणार: बिल्टीत, हजेरीपटात, सोसायटीच्या पासबुकात. नवी प्रश्नावली छापण्याआधी ते शोधा.

पुढे काय झालं? २००२-०३ मध्ये पुणे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्य विम्याची जबाबदारी घेतली, त्यांच्या योगदानाची दखल म्हणून. दयेपोटी नव्हे, हे मला महत्त्वाचं वाटतं. २००८ साली ‘स्वच्छ’ या त्यांच्याच सहकारी संस्थेशी करार झाला आणि घरोघरचा कचरा गोळा करण्याचं काम अधिकृतपणे त्यांच्याकडे आलं. २०१६ च्या केंद्राच्या घनकचरा नियमांत तर कचरावेचकांना सामावून घेणं स्थानिक संस्थांचं काम ठरलं. हे सगळं एका अहवालाने झालं, असं कोणी म्हणू नये. मोर्चे निघाले, धरणी झाली, हजारो बायका वर्गणी भरत राहिल्या. मागे माणसं नसतील तर आकडा नुसता छापील राहतो. आणि हातात आकडा नसेल तर मोर्च्याचं शिष्टमंडळ आत जाऊन पुन्हा सहानुभूतीच मागतं.

आता थोडं कडू बोलतो. बचतीचा आकडा दुधारी असतो. ‘तुमचे पैसे आम्ही वाचवतो’ म्हटलं की समोरचा मनात म्हणतो, छान, मग वाचवत राहा! ‘स्वच्छ’च्या बायकांचं उत्पन्न आजही मुख्यतः घरटी शुल्क आणि विकलेलं भंगार यांवर उभं आहे; पालिकेचा पगार नाही. एखाद्या घराने शुल्क थकवलं तर झळ थेट तिला. माझ्या मते बचतीच्या आकड्याशेजारी दुसरा आकडा कायम ठेवायला हवा: हेच काम पालिकेने स्वतःच्या कामगारांकडून किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी, हातमोजे, बूट देऊन करून घेतलं तर किती खर्च येईल? पहिला आकडा दार उघडतो, पण भाव दुसऱ्यावर ठरतो. आपण जे मोजू तेच मागू शकतो, म्हणून काय मोजायचं हे फक्त अभ्यासकावर सोडू नका. सभासदांच्या बैठकीत ठरवा.

आणि मोजल्यावर आकडा सभासदांना वाचून दाखवा. ‘आमच्या वस्तीत एवढं निघत नाही’ असं एखादी म्हणाली तर तिचं ऐका, कारण अधिकारी नेमकी तीच शंका काढणार आहे. कुठे मोजलं, कोणत्या महिन्यात, किती जणींचं, हे पहिल्याच पानावर लिहा. पावसाळ्यात कागद भिजतो, भाव पडतो. फक्त उन्हाळ्यात मोजून बाराने गुणलंत तर पहिल्याच बैठकीत पकडले जाल. गैरसोयीचा आकडा आला तर तोही ठेवा. एकदा लपवलेलं सापडलं की पुढच्या दहा निवेदनांवर कोणी विश्वास ठेवत नाही.

वेळेचंही भान हवं. महापालिका आयुक्तांचं अंदाजपत्रक जानेवारीच्या सुमारास स्थायी समितीपुढे जातं, आणि खात्यांच्या मागण्या त्याच्या कितीतरी आधी गोळा होतात. तुमचा आकडा फेब्रुवारीत हार-गुच्छासह दिलात तर फोटो येईल, तरतूद येणार नाही. यंदा पावसाळ्याचं वजन हाती हवं असेल, तर वही जूनमध्येच उघडावी लागेल.