शत्रू बेशुद्ध पडला, पुढे काय? ओपन-वर्ल्ड आरपीजीत जीव न घेता लढणं

नमस्कार मंडळी.

स्क्रीनवर बघा. पहारेकऱ्याला मागून धरलं, गळा आवळला, तो खाली पडला. बहुतेक खेळाडू इथून लगेच पुढे सरकतात. मग अर्ध्या तासाने कळतं की तो मेला होता. किंवा तो उठला आणि त्याने सगळी छावणी जागी केली. किंवा गेमने त्याला मेलेल्यांतच धरलं, आणि ज्या क्वेस्टसाठी (गेममधल्या कामगिरीसाठी) एवढी काळजी घेतली तिथे कुणाला फरकच पडला नाही.

माणूस पाडणं हे अर्धं काम आहे. पडल्यावर त्याचं काय होतं, हे उरलेलं अर्धं, आणि चुका तिथेच होतात. आज बोलायचंय ते त्या पडलेल्या माणसाबद्दल, मुख्यतः ओपन-वर्ल्ड आरपीजीत, म्हणजे मोकळ्या जगात एका पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या गेममध्ये. शेवटी तीन गेमच्या कथेतली वळणं सांगणार आहे, तिथे आधी सावध करेन.

सुरुवात आकड्यांपासून. प्रत्येक पात्राला जीवाचा एक आकडा असतो, हेल्थ. काही गेम त्याच्या जोडीला दमाचा आकडा ठेवतात, फटीग. २००२ च्या मॉरोविंडमध्ये रिकाम्या हाताचा ठोसा आधी दम खातो. दम संपला की समोरचा कोसळतो. इथे हात थांबवायचा, कारण पडलेल्याला मारलेला पुढचा ठोसा थेट जीवातून वजा होतो. बटण दाबायच्या लयीत दोन ठोसे जास्त गेले की झाला खून. २००६ च्या ऑब्लिव्हियनमध्ये दम शून्याखाली गेला की माणूस पडतो, आणि भरून आला की उठून पुन्हा अंगावर येतो. शिवाय तिथे ठोशाने दमाबरोबर जीवही कमी होतो, त्यामुळे कमजोर शत्रू पडण्याआधीच मरू शकतो. या दोन्ही गेममध्ये बेशुद्धी म्हणजे हातात आलेले काही क्षण. ते निसटण्यासाठी वापरा. शत्रूचा प्रश्न कायमचा सुटला असं समजू नका.

२०१० च्या फॉलआउट: न्यू वेगासमध्येही दम कमी करणारी हत्यारं आहेत: बॉक्सिंग ग्लोव्ह्ज, हाताला गुंडाळायची बॉक्सिंग टेप, शॉटगनची बीन बॅग काडतुसं. पण खरी अडचण हत्यारात नसते, ती तुमच्या शेजारी उभी असते. तुम्ही ग्लोव्ह्ज घालून सावकाश दम काढत असता आणि साथीदार रायफलने त्याच माणसाचं डोकं उडवतो. म्हणून लढाईआधी साथीदाराचं चक्र (त्याला हुकूम द्यायचा गोल मेनू) उघडा आणि त्याला पॅसिव्ह, म्हणजे स्वतःहून न लढणारा, करा, नाहीतर सरळ मागे थांबायला सांगा. आणि या गेमची मला सगळ्यात आवडणारी गोष्ट अशी की ठोसे न मारताही मोठी लढाई मिटते. शेवटी शत्रूचा सेनापती लीगेट लॅनियस याच्यासमोर उभे राहाल तेव्हा स्पीच (बोलण्याचं कौशल्य) किंवा बार्टर (सौद्याचं कौशल्य) १०० असेल, तर त्याला बोलून माघारी पाठवता येतं. शांततेने खेळायचं ठरवलं असेल तर पॉइंट्स पहिल्या लेव्हलपासून तिकडे वळवा. शेवटच्या दारात पोचल्यावर ते जमवता येत नाहीत.

आता दुसरी पद्धत. इथे दमाचा वेगळा आकडा नसतो, शेवटचा फटका कोणत्या प्रकारचा होता एवढंच गेम बघतो. २०२३ चा बाल्डर्स गेट ३ घ्या. तो एकसंध ओपन-वर्ल्ड नाही, मोठमोठ्या प्रदेशांत वाटलेला आहे, पण हा नियम तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतो. खालच्या पट्टीत पॅसिव्ह क्षमतांमध्ये "नॉन-लीथल अटॅक" (जीव न घेणारा वार) नावाचं एक बटण आहे. ते चालू ठेवून शेवटचा वार केला की शत्रू एका हेल्थवर बेशुद्ध पडतो.

[स्क्रीनवर: पॅसिव्ह टॅब, बटण चालू-बंद करताना]

यात चार ठिकाणी पाय घसरतो. हे बटण प्रत्येक पात्राचं वेगळं आहे. तुमचं चालू असलं आणि तुमच्या बार्बेरियनचं बंद असलं, तर शेवटचा वार त्याचा पडता कामा नये. दुसरं, ते फक्त जवळून केलेल्या वारांना आणि ठोशांना लागू होतं. बाण आणि जादूचे हल्ले बटण चालू असतानाही जीव घेतात. म्हणून शेवटचे आठ-दहा हेल्थ उरले की धनुर्धराची पाळी सोडून द्या आणि जादूगाराला दुसऱ्या शत्रूकडे वळवा. तिसरं, जमीन. शत्रू जळत्या तेलात किंवा ॲसिडच्या डबक्यात पडला असेल, तर एका हेल्थवरचा माणूस किती टिकणार? आग लावायची असेल तर जिवंत हवा असलेल्या माणसापासून लांब लावा. आणि चौथं, लाँग रेस्ट, म्हणजे तळावरची रात्रभराची विश्रांती. त्यानंतर बेशुद्ध माणसं उठतात. तेव्हा त्यांच्याकडून जे काही घ्यायचंय ते तळावर जाण्याआधी घ्या.

२०२० चा सायबरपंक २०७७ हत्याराच्या जातीवरून ठरवतो. बॅट, दंडुका, मुठी आणि गोरिला आर्म्स (ताकदवान यांत्रिक हात) यांनी माणूस बेशुद्ध होतो. कटाना आणि मँटिस ब्लेड्स (हातातून निघणारी पाती) जीव घेतात. बंदुकीला पॅक्स नावाचा मॉड (जोडभाग) लावला तर तीही जीव घेत नाही. मागून पकडल्यावर दोन वेगळी बटणं दिसतात, एक मारायचं आणि एक बेशुद्ध करायचं. घाईत बोट चुकतं, म्हणून कोणतं बटण कोणतं हे पहिल्याच मोहिमेत पक्कं करा. क्विकहॅक्समध्ये (दुरून शत्रूची यंत्रणा हॅक करण्याच्या हल्ल्यांत) सिस्टिम रीसेटने समोरचा निपचित पडतो, तर सुइसाइडने तो स्वतःवरच बंदूक चालवतो. नाव वाचून वापरा.

हे सगळं कामी येतं ते रेजिना जोन्स हे पात्र देतं त्या कामांत. शहरभर १७ सायबरसायको (शरीरातल्या यंत्रांमुळे भान सुटलेली माणसं) आहेत आणि ती त्यांना जिवंत मागते. बलाढ्य, वेगवान, काहींच्या हातात जड हत्यारं, त्यामुळे लढाई तापते आणि खेळाडू ट्रिगर सोडत नाही. सायको खाली पडतो, तळमळत असतो, आणि पुढच्या तीन गोळ्या त्याचा जीव घेतात. उपाय साधा आहे. हेल्थ पाव उरली की बंदूक खाली ठेवा आणि दंडुका काढा. दंडुक्याचा वेग कमी असल्यामुळे जास्तीचा वार होण्याआधी तो पडलेला दिसायला वेळ मिळतो. ग्रेनेड तर अजिबात नको, कारण स्फोट कधी थांबायचं हे तुम्ही ठरवू शकत नाही.

"बोथट हत्यार म्हणजे जीव वाचणार" ही सवय इथे लागते आणि पुढच्या गेममध्ये नडते. २०१८ च्या किंगडम कम: डिलिव्हरन्समध्ये गदा चिलखतावरूनही हाडं मोडते आणि माणूस मरतो. ते १४०३ चं बोहेमिया आहे, तिथे लोखंडाला दयामाया नाही. जीव वाचवायचा असेल तर तीन वाटा: मागून जाऊन गळा आवळणं, मुठींची मारामारी, किंवा समोरच्याने शरणागती मागेपर्यंत लढून ती मान्य करणं. तिसरी वाट खेळाडू विसरतात. शत्रू हात वर करून बोलायला लागतो आणि आपण रागात तलवार चालवतच राहतो. तो बोलला की थांबा.

गळा आवळताना तुमचं कौशल्य कमी पडलं तर तो सुटतो आणि ओरडतो. म्हणून आधी आवाज आणि दृश्यता यांचे आकडे बघा. लखलखतं चिलखत आणि खुळखुळणारी साखळी उतरवून गडद कपडे घाला. पाडलेला माणूस काही वेळाने उठतो, आणि त्याआधी कुणाच्या नजरेस पडला तर गावात शोधाशोध सुरू होते आणि प्रतिष्ठा घसरते. त्याला खांद्यावर घेऊन रस्त्यापासून दूर, झुडपामागे ठेवा. याच गेममध्ये "मर्सिफुल" ही अचिव्हमेंट (गेमने नोंदवलेली कामगिरी) आहे: कुणालाही न मारता मुख्य कथा पूर्ण करायची, अपवाद फक्त रंट नावाचा शत्रू, कारण तिथे कथा पर्यायच देत नाही. मोठ्या लढायांमध्ये हेन्रीने (तुमच्या पात्राने) मागे उभं राहायचं आणि सैनिकांना त्यांचं काम करू द्यायचं.

पडलेल्या माणसाला लपवायचं कुठे, हे शिकायला सगळ्यात उत्तम गेम ना ओपन-वर्ल्ड आहे ना आरपीजी: २०१२ चा डिसऑनर्ड. तिथे बेशुद्ध माणूस मोहीम संपेपर्यंत उठत नाही, पण तो सुरक्षितही नसतो. पाण्याच्या काठाशी ठेवला आणि घसरला तर बुडतो. उंदरांच्या वाटेवर टाकला तर उंदीर त्याला खातात. दोन्ही मृत्यू तुमच्या खात्यावर जमा होतात, कारण त्याला त्या अवस्थेत तुम्ही ठेवलंत. हा हिशेब मला अतिशय योग्य वाटतो. मृत्यू वाढले की गोंधळ वाढतो: शहरात उंदीर आणि रोगाने ग्रासलेली माणसं वाढतात, शेवटच्या मोहिमेचं हवामानही बिघडतं. कचऱ्याची पेटी, टेबलाची वरची बाजू, बंद खोली, या जागा वापरा. मोहीम संपल्यावर आकड्यांचं पान येतं, ते न बघता पुढची मोहीम सुरू करू नका.

जिवंत ठेवलेला माणूस साक्षीदारही असतो, आणि इथे बरेच गेम स्वतःशीच भांडतात. २०११ च्या स्कायरिममध्ये मारहाणीला ४० सोन्याच्या नाण्यांचा दंड आहे आणि खुनाला १०००. एवढं बघून वाटतं, गेम संयमाच्या बाजूने आहे. पण गुन्ह्याचा शेवटचा साक्षीदार मारला तर तो दंडच पुसला जातो. म्हणजे साक्षीदाराला शांत करून सोडणाऱ्याला शिक्षा आणि कापून टाकणाऱ्याला माफी. तिथे शांततेचं मुख्य साधन इल्यूजनची (मन भुलवणारी) जादू आहे. 'काम' (Calm, शांत करणारा) हा मंत्र लेव्हल ९ पर्यंतच्या शत्रूंना ३० सेकंद थोपवतो, पॅसिफाय लेव्हल २० पर्यंत ६० सेकंद. त्या वेळात एक जरी वार केलात तर मंत्र तुटतो. आणि ब्रॉल (मुठींची मारामारी) करताना अंगावरची मंतरलेली अंगठी, चिलखत, हातमोजे आधी काढा. त्यांचा परिणाम कधीकधी फसवणूक म्हणून धरला जातो आणि साधी मारामारी खऱ्या लढाईत बदलते.

२०१५ चा मेटल गिअर सॉलिड ५: द फँटम पेन उलट दिशेने शिकवतो. गुंगीचा बाण डोक्यात बसला की सैनिक लगेच झोपतो, अंगात बसला तर वेळ लागतो, आणि तेवढ्यात तो इशारा देऊ शकतो. पण डोक्यालाच नेम धरत राहिलात तर पुढच्या वेळी सैनिक हेल्मेट घालून येतात आणि बाण निकामी होतो. रात्रीच गेलात तर रात्री दिसणारे चष्मे, गॅस वापरला तर मास्क. झोपलेल्याला त्याचा साथीदार येऊन उठवतो, म्हणून फल्टन फुग्याने उचलून न्या. तो पुढे तुमच्याच तळावर कामाला लागतो.

एक्सपीबद्दल, म्हणजे अनुभवाच्या गुणांबद्दल, थोडंच. २०११ च्या डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्युशनमध्ये जीव न घेता केलेल्या टेकडाउनला (जवळून पाडण्याला) जीव घेणाऱ्यापेक्षा जास्त एक्सपी मिळतो. माझ्या मते ही चूक आहे. दयेला जास्त पैसे दिले की ती निवड उरत नाही, सगळ्यात फायदेशीर बटण उरतं. त्या गेमच्या मूळ आवृत्तीत तर बॉसना (मोठ्या, खास शत्रूंना) मारावंच लागत होतं, आणि पॅसिफिस्ट (कुणालाही न मारण्याच्या) अचिव्हमेंटच्या वर्णनात बॉस धरले जात नाहीत असं लिहावं लागलं.

नवा गेम हातात आला की आधी वेगळा सेव्ह करा आणि एकच शत्रू निवडा. त्याला पाडा, अंगाला हात लावू नका, लांब जा आणि परत या. अजून पडलेलाच आहे का? मग गेममधले काही तास घालवून पुन्हा बघा. नंतर जुना सेव्ह लोड करून त्यालाच उचला, जिन्यावरून खाली टाका आणि आकड्यांचं पान तपासा. साथीदार सोबत असताना हेच पुन्हा करा. वीस मिनिटं लागतात, पण तीस तासांची मेहनत वाचते.

इथून पुढे कथा उघड होते. नको असेल तर व्हिडिओ इथे थांबवा.

डिसऑनर्डमध्ये तुमचं लक्ष्य असलेल्या पेंडलटन जुळ्या भावांना न मारायची वाट निवडली, तर त्यांच्या जिभा कापून त्यांना त्यांच्याच खाणीत राबायला पाठवतात. मृत्यूचा आकडा शून्य, आणि तरीही काय केलं हे तुम्हाला माहीत असतं. बाल्डर्स गेट ३ मध्ये मिंथारा या शत्रू सेनानीला पहिल्या अंकात बेशुद्ध केलं, तर नंतरच्या पॅचमुळे (गेममधल्या सुधारणेमुळे) ती दुसऱ्या अंकात मूनराइज टॉवर्समध्ये भेटते आणि तुमच्या बाजूने येऊ शकते. पण प्रत्येक बेशुद्ध माणसाची अशी दखल घेतली जाईल असं धरू नका, बऱ्याच ठिकाणी कथा त्याला मेलेलाच समजते. सायबरपंकमध्ये अंगरक्षक ओडाशी लढताना तुमचा सहकारी ताकेमुरा त्याला मारू नकोस असं सांगतो. ओडा गुडघ्यावर आला की लढाई संपलेली असते, वार करायला कुणी भाग पाडत नाही. हत्यार म्यान करून तिथून निघालात, आणि पुढे अरासाका कंपनीच्या बाजूने शेवट निवडलात, तर ओडा त्या शेवटात जिवंत दिसतो.