जर्दाळूची घाई

जर्दाळूचं झाड थंडीनं मरतं, हा समज आधी बाजूला ठेवू. ऐन हिवाळ्यात गाढ झोपलेलं हे झाड भलतंच चिवट असतं. मांचुरिया (ईशान्य चीनचा भाग) आणि सैबेरियातल्या त्याच्या रानटी भाऊबंदांना उणे 30 अंशांचंही फारसं काही वाटत नाही. पीक बुडवतो तो वसंत. झोप पुरी व्हायला फळझाडांना थंडीचा ठरावीक काळ लागतो. जर्दाळूचा तो लवकर भरतो. मग चार दिवस ऊब आली की कळ्या फुगतात, आणि एकदा फुगलेली कळी पुन्हा पहिल्यासारखी कणखर होत नाही. पूर्ण उमललेल्या दहा फुलांतलं एखादं उणे 2.8 अंशांना जातं, उणे 5.6 ला नऊ जातात. या झाडाचा दोष नाजूकपणा नाही, घाई आहे.

म्हणूनच मी बियांच्या बाजूचा आहे. कलम लावलं तर फळ कसं येणार हे आधीच ठाऊक असतं. बियांतून आलेलं प्रत्येक रोप मात्र थोडं वेगळं निघतं, आणि त्यातलंच एखादं जरा आळशी असतं. आपल्याला हवं असतं ते हेच.

बी कुठलं घ्यायचं? उबदार प्रदेशात पिकलेल्या फळाचं घेऊन कडाक्याच्या थंडीत झाड टिकवायची अपेक्षा ठेवू नका. थंडीत तग धरून फळलेल्या झाडाचंच घ्या. हंगामात सगळ्यांत आधी पिकणाऱ्या वाणांचंही टाळा: त्यांचं फळ इतक्या झटपट तयार होतं की आतल्या गर्भाची वाढ अर्धवट राहते आणि बी रुजतच नाही. घाईचा फटका तिथेही!

आता रुजवण, जिथे बहुतेकांचा धीर सुटतो. माझाही सुटला होता. पहिल्या वर्षी मी आठळ्या थेट कुंडीत पुरल्या, रोज पाणी घातलं, आणि दोन महिन्यांनी उकरून पाहिलं तर नुसता लगदा. बीसुद्धा झोपलेलं असतं, तेही थंडी मोजतं. आठळीला कडेनं एक शीर असते. ती शीर वर करून हलक्या हातानं हातोडी मारा, म्हणजे कवच दुभंगतं आणि आतलं बी अख्खं राहतं. कवच न फोडताही बी रुजतं, पण जास्त वेळ घेतं. (कडू बिया मुलांच्या हाती लागू देऊ नका. त्यांतल्या अमिग्डालिनपासून पोटात सायनाइड तयार होतं.) बी एक दिवस पाण्यात भिजवा. मग ओलसर वाळूत मिसळून पिशवीत घाला आणि फ्रिजमध्ये 1 ते 5 अंशांत सहा-आठ आठवडे ठेवा. ओलसर म्हणजे मुठीत दाबली तर पाणी गळू नये इतपत. दर आठवड्याला उघडून बघा, बुरशी धरलेलं बी काढून टाका. काही बिया फ्रिजमध्येच पांढरं मूळ काढतात. त्या लगेच मातीत गेल्या पाहिजेत.

फ्रिजची कटकट नको असेल तर शरदात थेट जागेवर, 3 ते 5 सेंटिमीटर खोल पेरा. थंडीचं काम हिवाळा करेल. वरून तारेची जाळी मात्र हवीच, नाहीतर सगळं उंदीर-खारींना जातं. सोटमूळ न दुखावता खोल जातं, हा यातला खरा फायदा.

जागा निवडताना लोक हमखास चुकतात. दक्षिणेची ऊन खाणारी भिंत बघतात आणि झाड तिला टेकवतात. उन्हानं कळ्या आणखी लवकर जागतात. उत्तर गोलार्धात उत्तरेकडचा उतार घ्या आणि गार हवा साचते तो खोलगट भाग टाळा. बुंध्याभोवती जाड पालापाचोळा घातला की फूल उशिरा येतं असं म्हणतात. त्यात फारसा दम नाही. कळी हवेचं तापमान पाहते, मुळांचं नाही. पाणी तुंबणारी जमीन नको, एवढं पुरे. उन्हाळा सरता सरता नत्रखत थांबवा, नाहीतर कोवळी फांदी न पिकताच हिवाळ्यात सापडते.

साधारण चार-पाच वर्षांत फुलं येतात. मांचुरियन रक्ताची झाडं बहुधा स्वतःच्या परागांवर फळ धरत नाहीत, म्हणून किमान दोन झाडं हवीत. फुलायच्या वेळी मधमाश्या अजून बाहेर पडलेल्या नसल्या तर मऊ कुंचला घेऊन ते काम आपणच करायचं.

आणि वही ठेवा. कुठल्या झाडावर पहिलं फूल कधी उमललं, दरवर्षी लिहा. तीन-चार वर्षांत उशिरा फुलणारं झाड ओळखू येईल. बाकीची उपटू नका. उन्हाळा संपता संपता, साल सहज सुटते तेव्हा, त्या झाडाचे डोळे, म्हणजे सालीसकट काढलेल्या फांदीवरच्या कळ्या, इतरांच्या सालीत भरा. थंडीला सरावलेली मुळं तशीच राहतील, वरची फांदी तेवढी आळशी होईल.