साखरेच्या वहीत रक्तदाबाचा रकाना

मंडळी, मधुमेहाची वही बहुतेकांकडं असते. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची साखर, तीन महिन्यांची सरासरी, सगळं तारखेनिशी. रक्तदाबाचा रकाना मात्र त्यात नसतो. मधुमेही माणूस बहुतेकदा दगावतो तो हृदयविकारानं किंवा पक्षाघातानं, म्हणून हा रकाना आजच आखून घ्या.

ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाचे आकडे १९९८ साली आले. उच्च रक्तदाब असलेल्या मधुमेहींचे दोन गट होते. एकाचा सरासरी दाब १५४/८७ राहिला, दुसऱ्याचा १४४/८२. वरच्या आकड्यात फरक फक्त दहाचा, पण तेवढ्यानं पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहामुळं होणारे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी झाले. अभ्यास संपल्यावर दोन वर्षांत दोन्ही गटांचा दाब सारखा झाला. २००८ साली पुन्हा पाहिलं, तर रक्तदाबाचा तो फायदा ओसरला होता. साखर वेळेवर आटोक्यात आणल्याचा फायदा मात्र टिकून होता. ‘बीपी नॉर्मल आलं, गोळी सोडली’ असं म्हणणाऱ्यांनी हे नीट ऐकावं. नॉर्मल आलं ते गोळीमुळंच.

बहुतेक मधुमेहींनी १३०/८० च्या खाली राहायचं. वय फार असेल किंवा उठताना चक्कर येत असेल, तर आकडा डॉक्टर ठरवतील.

आता मोजणी. इथंच जास्त घोळ होतो. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, तंबाखू-मशेरी नको, रंकाळ्याची फेरी मारून लगेच पट्टा बांधणं नको. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर, पट्टा छातीच्या पातळीत. हात खाली लोंबत असेल तर आकडा वाढून येतो, जाड दंडाला छोटा पट्टा बांधला तरीही. एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजा, दोन्ही आकडे लिहा. मधुमेहानं नसा कमजोर झालेल्यांनी उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आतही मोजावं. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं उतरला, तर डॉक्टरांना सांगा.

रक्त तपासायला जाताना ‘उपाशीपोटी’ म्हणून बीपीची गोळीही टाळली जाते आणि त्या दिवशीचा दाब चढलेला दिसतो. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल, तर ती घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. साखरेची गोळी किंवा इन्शुलिन मात्र जेवणाच्या वेळेला.

वर्षातून एकदा लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण, म्हणजे लघवीवाटे प्रथिन किती गळतंय ते, तपासा. ते ३० मिलिग्रॅम/ग्रॅमच्या वर राहिलं, तर मूत्रपिंडाबरोबर हृदयालाही धोका वाढलेला असतो. अशा वेळी सहसा रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळ्यांपैकी एक देतात, दोन्ही एकत्र नाही. सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यायचं. जुलाब-उलट्या लागल्या, तर ही गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी फोन करून विचारा. गुडघेदुखीसाठी दुकानातून परस्पर आणलेली डायक्लोफेनॅक दाब वाढवते आणि मूत्रपिंडालाही त्रास देते.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपर्यंत, म्हणजे जेमतेम एक सपाट छोटा चमचा, तेही सगळं धरून. आपल्या कांदा-लसूण चटणीत मीठ आधीच असतं. रश्शात ती घातल्यावर वरून पुन्हा मीठ पडतं, शिवाय ताटात खर्डा, लोणचं, पापड. रस्सा सोडायला मी सांगत नाही. चटणी घातल्यावर चव घ्या, मगच मिठाला हात लावा. सैंधवातही सोडियम असतंच. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम असतं, त्यामुळं मूत्रपिंड कमजोर असलेल्यांनी आणि वरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी ते विचारल्याशिवाय आणू नये.

साधारण चाळिशी उलटलेल्या मधुमेहींना कोलेस्टेरॉलचा आकडा फार वाढलेला नसला तरी बहुधा स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी, लागते. त्याबद्दल पुढच्या भेटीत विचारा.

शेवटची गोष्ट घरच्यांसाठी. मधुमेहात हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येतो. अचानक धाप, दरदरून घाम, मळमळ, गळून जाणं. आधी ग्लुकोमीटरवर साखर पाहा, कारण साखर उतरल्यावरही घाम येतो. ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीवर असेल, तर साखर-पाणी द्या. साखर ७० च्या खाली नसेल, किंवा यंत्र हाताशी नसेल, तर पित्त समजून सोडा पाजत बसू नका. लगेच १०८ ला फोन लावा, आणि दवाखान्यात पोचताच ईसीजी काढायला सांगा.