दारातला उजेड, चेहऱ्यावरचा अंधार

भर दुपारी सराफाच्या दुकानात दिव्यांचा प्रकाश जेमतेम काहीशे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) असतो, तर बाहेर रस्त्यावर ऊन एक लाख लक्सच्या घरात पोहोचते. काचेचे दार ढकलून आत येणारा माणूस उन्हाला पाठ करून उभा राहतो, आणि ज्याची ओळख पटावी म्हणून दाराकडे कॅमेरा रोखला, नेमका त्याचाच चेहरा चित्रात काळा पडतो.

कॅमेऱ्याच्या सेन्सरवरील प्रत्येक पिक्सेलमध्ये प्रकाशामुळे इलेक्ट्रॉन साठतात. हा साठा काठोकाठ भरला, की त्यापुढे उजेड कितीही वाढला तरी तिथे निव्वळ पांढरा डाग उरतो. अंधाऱ्या भागातला क्षीण संकेत मात्र सेन्सरच्या स्वतःच्या नॉइजमध्ये, म्हणजे विद्युत खरखरीत, बुडून जातो. या दोन टोकांमधील पल्ला डेसिबलमध्ये सांगतात: 60 डेसिबल म्हणजे एकास हजार, 120 डेसिबल म्हणजे एकास दहा लाख.

बॅकलाइट कॉम्पेन्सेशन हा जुना उपाय चेहरा उजळतो, पण त्याबदल्यात रस्ता पांढराफटक होतो. खरा डब्ल्यूडीआर (वाइड डायनॅमिक रेंज, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला टिपणारा) कॅमेरा एकाच फ्रेमसाठी कमी आणि जास्त वेळाची दोन किंवा अधिक एक्स्पोजर, म्हणजे सेन्सरवर प्रकाश पडू देण्याचे टप्पे, घेतो, पहिल्यातून रस्ता आणि दुसऱ्यातून चेहरा उचलतो, आणि ते जुळवून एक चित्र तयार करतो. ही एक्स्पोजर एकामागून एक घेतली जात असतील, तर झपाझप चालणाऱ्या माणसाच्या कडा दुहेरी उमटू शकतात. शिवाय 50 हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला शंभरदा लुकलुकणारे दिवे छोट्या एक्स्पोजरमध्ये पट्ट्यांसारखे दिसू शकतात. डिजिटल डब्ल्यूडीआर नावाने जे विकले जाते, ते टिपून झालेल्या चित्रातील सावल्या फक्त उजळते. पांढऱ्या डागात हरवलेला तपशील त्याला परत आणता येत नाही. त्यामुळे खोक्यावरच्या अक्षरांपेक्षा भर दुपारी दारात माणूस उभा करून घेतलेली चाचणी अधिक भरवशाची, आणि कॅमेरा बाजूच्या भिंतीवर सरकवून थेट उजेड टाळता येत असेल, तर तो उपाय सर्वांत स्वस्त.

रात्री फाटकाशी मोटारीचे हेडलाइट समोर येतात, तेव्हा गणित उलटते. नंबरप्लेट वाचण्यासाठी एक्स्पोजर अगदी छोटे ठेवून इन्फ्रारेड प्रकाश टाकतात: झगमगाट दबतो, आणि प्रकाश आल्या दिशेने परत फेकणारी प्लेट स्वच्छ उमटते. त्या चित्रात चालक बहुधा दिसतच नाही, म्हणून त्याच्या चेहऱ्यासाठी दुसरा कॅमेरा लावावा लागतो.