तीनशे त्रेपन्न लागलं, पुढे काय?

श्रोतेहो, राम राम. सारंगखेड्याच्या यात्रेत बॅरिकेडपाशी रेटारेटी होते, बंदोबस्तावरच्या शिपायाची कॉलर धरली जाते आणि गावभर होतं, पोरावर तीनशे त्रेपन्न लागलं. म्हणजे भारतीय दंड संहितेचं कलम ३५३, सरकारी नोकराला कामात अडवायला हल्ला किंवा बळजबरी. हा आकडा आता जुना झाला. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण गुन्हा अजामीनपात्र. म्हणजे जामीन हक्काचा नाही, कोर्टाकडे मागायचा. शिपायाला साधी दुखापत असेल तर कलम १२१, पाच वर्षांपर्यंत. म्हणून आधी एफआयआरमधली कलमं वाचा.

या कलमांत अटक झालीच पाहिजे असं नाही. पोलीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३)ची, ठरल्या तारखेला हजर राहायची नोटीस देऊ शकतात. ती तारीख चुकवलीत, तर अटकेला कारण तुम्हीच दिलंत.

अटक झाली तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटपुढे. अटकेची कारणं लेखी आणि समजणाऱ्या भाषेत द्यावी लागतात, रिमांडच्या, म्हणजे कोठडीसाठी मॅजिस्ट्रेटपुढे नेण्याच्या, किमान दोन तास आधी, असं सुप्रीम कोर्टानं २०२५ मध्ये सांगितलं. धडगावच्या पावरी बोलणाऱ्याला नुसता मराठी कागद पुरत नाही. कोठडीत मार बसला असेल तर तिथंच सांगा, वैद्यकीय तपासणी मागा.

एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, मिळाला की पोलीस कोठडी संपली, हा समज आता सोडा. पीसीआरचे, म्हणजे पोलीस कोठडीचे, १५ दिवस पहिल्या ४० दिवसांत तुकड्यातुकड्यानं घेता येतात.

खरी चूक होते ती दिवस मोजण्यात. १३२ आणि १२१ या दोन्ही कलमांत ६० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्कानं मिळतो. मोजणी अटकेपासून नव्हे, पहिल्या रिमांडपासून, तो दिवस धरून. पण अर्ज करावा लागतो. ६१व्या दिवशी सकाळी अर्ज हवा. दोषारोपपत्र आधी पोचलं तर हा हक्क गेला. जखमेवरून १०९, खुनाचा प्रयत्न, लावलं असेल तर ६०चे ९० धरा.

आणि जामीन मंजूर होऊनही माणूस आतच राहतो, कारण जामीनदाराचे कागद अपुरे. सातबारा सामायिक असतो, ऐपतीचा दाखला तहसीलमधून यायचा असतो. आदेशाची वाट न बघता दाखल्याला आधीच अर्ज टाका. महिनाभरात जामीनदार मिळालाच नाही, तर अट शिथिल करायला कोर्टाला सांगा. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, फोन १५१००.