वीस एपिसोडात गुंडाळलेली भुताची सिरीयल आणि त्यातला आपला राक्षस

राम राम मंडळी, सांगलीतनं बोलतोय. ती भुताखेतांच्या, परग्रहवासीयांच्या केसेस सोडवणाऱ्या एफबीआयवाल्यांची अमेरिकन सिरीयल आहे ना, एक्स फाइल्स, तिच्यावर बोला, तिच्यावर बोला असं बरेच जण म्हणताय, बोलणार आहे, पण आधी तिच्या बापाला भेटून येऊ. बाप म्हणजे 'कोलचॅक: द नाइट स्टॉकर'. सप्टेंबर १९७४ मध्ये अमेरिकेत एबीसी चॅनलवर सुरू झाली आणि मार्च १९७५ मध्ये बंद पण झाली. टोटल २० एपिसोड. आपल्याकडं एवढ्यात नायिकेचं लग्नपण ठरत नाही.

मागची स्टोरी पटकन सांगतो. १९७२ मध्ये टीव्हीवर एक सिनेमा आला, 'द नाइट स्टॉकर'. लास वेगासमध्ये खून होतायत, प्रेतांमध्ये रक्त नाही, आणि कार्ल कोलचॅक नावाचा एक रिपोर्टर म्हणतोय की हा व्हँपायर आहे. रिचर्ड मॅथेसननं स्क्रिप्ट लिहिलेली, जेफ राइस नावाच्या लेखकाच्या तेव्हा छापूनही न आलेल्या कादंबरीवरनं, आणि प्रोड्युसर डॅन कर्टिस. तो सिनेमा एवढा चालला की टीव्ही सिनेमांचं रेटिंगचं रेकॉर्ड मोडलं. मग १९७३ मध्ये सिॲटलमध्ये घडणारा दुसरा सिनेमा, आणि मग चॅनलला वाटलं आता दर आठवड्याला एक भूत काढू. इथंच घोळ झाला, पण त्यावर नंतर येतो.

आधी कोलचॅक कोण ते बघा, कारण मला विचाराल तर सिरीयल म्हणजे हा माणूसच आहे, भुतं नंतर. डॅरन मॅकगॅविन नावाच्या नटानं केलाय. चुरगळलेला पांढरट सूट, डोक्यावर गवती हॅट, गळ्यात कॅमेरा, खांद्याला टेपरेकॉर्डर, आणि पिवळी मस्टँग गाडी. हा डिटेक्टिव्ह नाही, मांत्रिक नाही, हिरो तर अजिबातच नाही. आपल्याकडं तालुक्याला एक वार्ताहर असतोय बघा, पोलीस स्टेशनात सगळे त्याला ओळखतात आणि कुणालाच तो आलेला आवडत नाही, अगदी तसला. साहेबांची पत्रकार परिषद चाललीय, सगळं गोडीगुलाबीत चाललंय, आणि हा मागनं हात वर करून विचारणार, साहेब, त्या प्रेतात रक्त का नव्हतं ओ? झालं, साहेब भडकले, याला बाहेर काढलं.

मग हा लायब्ररीत जाणार, कुठल्यातरी जाणकाराला गाठणार, हे भूत कशानं मरतं ते शोधणार, रात्री एकटाच जाणार, मरणाचा घाबरणार (आणि हे मॅकगॅविन लई भारी करतो, तो खरंच पळतो, कॅमेरा टाकून पळतो), कसंतरी ते भूत संपवणार. आणि शेवटी पुरावा काही उरत नाही. फोटो खराब झाले, प्रेत गायब झालं, नाहीतर वरनं फोन आला. संपादक व्हिन्सेंझो, म्हणजे सायमन ओकलंड, याच्यावर गळ्याच्या शिरा ताणून ओरडतो, आणि बातमी लागत नाही. २० एपिसोड झाले, बातमी लागतच नाही. रात्री एकटा बसून टेपरेकॉर्डरमध्ये सगळी हकीकत सांगत राहतो, तेवढीच काय ती त्याची बातमी. कुणी पेपरला काम केलं असेल ना, बातमी दाबली जाणं म्हणजे काय ते ज्याला माहितीय, त्याला हे भुतापेक्षा जास्त लागतंय.

आता बंद का पडली. सगळे म्हणतात शुक्रवारी रात्री १० चा स्लॉट आणि समोर एनबीसीवर 'पोलीस वुमन', त्यामुळं मेली. त्याचा वाटा आहेच. पण मला वाटतं खरं दुखणं वेगळं होतं. एकाच शिकागो शहरात, एकाच रिपोर्टरला, दर शुक्रवारी नवीन राक्षस भेटतोय आणि बाकी कुणालाच पत्ता नाही, हे किती आठवडे पचणार? ढाचा तोच, नुसतं भूत बदललं. स्वतः मॅकगॅविनच कंटाळला आणि मला मोकळं करा म्हणाला, म्हणून सीझन पूर्ण व्हायच्या आधीच गुंडाळली. आणि पैसे नव्हते ओ. शेवटच्या 'द सेंट्री' एपिसोडमध्ये जमिनीखालनं एक सरडा-माणूस येतो, तो सूट बघाच, गल्लीतल्या मंडळाचा देखावा बरा म्हणायची वेळ येते.

पण जिथं सूटची गरजच नाही तिथं ही सिरीयल अंगावर काटा आणते. 'द झोंबी' घ्या. भंगार गाड्यांचं आवार, त्यात एक मोडकी शववाहिका, आत झोंबी पडलेला. त्याला संपवायचं तर तोंडात मीठ भरायचं आणि सुई-दोऱ्यानं ओठ शिवायचे. कोलचॅक आत वाकलाय, हात थरथरतायत, हळूहळू मीठ ओततोय, शिवायला लागतो, आणि झोंबी डोळे उघडतो. ग्राफिक्स नाही, काय नाही, सुई आणि दोरा.

आता माझा सगळ्यात आवडता, आणि ज्याच्यासाठी हा व्हिडिओ केला. 'हॉरर इन द हाइट्स', डिसेंबर १९७४, लिहिलाय जिमी सँगस्टरनं. यातलं भूत म्हणजे आपला राक्षस. रामायणातला, ओरिजिनल. शिकागोतली एक गरीब वस्ती, म्हातारे ज्यू लोक राहतात, एकेक जण मरतोय, नुसती हाडं सापडतायत, पोलीस म्हणतायत उंदरांनी खाल्लं. आणि वस्तीत भिंतींवर कुणीतरी स्वस्तिकं काढून ठेवलीत.

इथं जरा थांबा. आपण दसऱ्याला नव्या गाडीवर कुंकवानं स्वस्तिक काढतो, आपल्याला ते बघून धीर येतो. पण त्या म्हाताऱ्यांनी हिटलरचा काळ बघितलाय, त्यांना ते दिसल्यावर काय होत असेल? त्यांना वाटतं नाझी आले, आणि संशय जातो एका म्हाताऱ्या भारतीय माणसावर. तो तर बिचारा यांनाच वाचवायला ती काढत फिरतोय, कारण तो आयुष्यभर राक्षसांच्या मागावर आहे आणि आता थकलाय. रक्षणासाठी काढलेली खूण आणि तीच बघून लोक थरथर कापतायत, ५० मिनिटांच्या भुताच्या सिरीयलमध्ये असलं काहीतरी सापडेल असं वाटलंच नव्हतं. गंमत म्हणजे त्या हिंदू म्हाताऱ्याचं काम करणारा अब्राहम सोफेर हा स्वतः रंगूनमध्ये जन्मलेला ज्यू.

आणि राक्षस दिसतो कसा? तुमचा ज्याच्यावर सगळ्यात जास्त भरवसा आहे त्या माणसासारखा. बरोबरच आहे की, मारीच सोन्याचं हरीण झाला, रावण भिक्षा मागत आला, शूर्पणखा सुंदरी होऊन आली, ही मंडळी खऱ्या रूपात येतच नाहीत. आमच्या सांगलीला हे वेगळं सांगायला नको. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथं 'सीता स्वयंवर' केलं, तिथनं मराठी नाटक सुरू झालं असं आपण मानतो, आणि त्या काळच्या नाटकात राक्षस 'अलल्डुर्र' अशी आरोळी ठोकत, नाचत-थयथयाट करत यायचे. नाट्यपंढरीचा राक्षस लांबनंच कळायचा. इथला राक्षस गपचूप तुमच्या आजीच्या आवाजात हाक मारतो.

(स्पॉयलर आहे, ज्यांना बघायचाय त्यांनी मिनिटभर पुढं ढकला.) शेवटी कोलचॅक त्या म्हाताऱ्याचा क्रॉसबो, म्हणजे आडवं धनुष्य, घेऊन उभा आहे आणि समोरनं येते मिस एमिली. त्याच्याच ऑफिसातली म्हातारी बाई, पेपरमध्ये सल्ल्याचं सदर लिहिणारी. ती गोड बोलत जवळ येतेय, तो सांगतोय थांबा, पुढं येऊ नका, ती येतच राहते, आणि त्याला बाण सोडावा लागतो. आता विचार करा, हा माणूस पोलिसांवर विश्वास ठेवत नाही, संपादकावर नाही, कुणावरच नाही. मग याचा भरवसा कुणावर आहे हे आपल्याला कोण सांगतं? राक्षस सांगतो. लिहिणाऱ्याला मानलं पाहिजे राव.

टीम बघितली तर लक्षात येतं हे सगळं कुठनं आलं. स्क्रिप्टचं काम बघणारा एक तरुण होता डेव्हिड चेस, त्यानंच पुढं 'द सोप्रानोज' ही माफियावरची गाजलेली सिरीयल काढली. 'चॉपर' नावाच्या एपिसोडची, डोकं नसलेल्या बायकरची, गोष्ट रॉबर्ट झेमेकिस आणि बॉब गेलची, पुढं 'बॅक टू द फ्यूचर' काढणारे तेच, तेव्हा त्यांना कोण ओळखत नव्हतं. आणि एक्स फाइल्स काढणारा क्रिस कार्टर तर उघड सांगतो की १९९३ ची ती सिरीयल यातनंच सुचली. त्यानं मॅकगॅविनला कोलचॅक म्हणूनच परत बोलवलं होतं, गडी नाही म्हणाला, आर्थर डेल्स नावाचा जुना एफबीआयवाला म्हणून मात्र आला.

२००५ मध्ये एबीसीनंच रिमेक काढला, स्टुअर्ट टाउनसेंडला घेऊन. देखणा, गंभीर, बायकोचा रहस्यमय खून झालेला. ६ एपिसोड दाखवले आणि काढून टाकली. अरे, तुम्ही हॅट काढली, गळा ताणून ओरडणारा संपादक काढला, विनोद काढला, मग ठेवलं काय?

तर बघायची असेल तर १९७२ चा सिनेमा आधी, त्यावर 'द झोंबी', मग 'हॉरर इन द हाइट्स', आणि 'चॉपर' वेळ असेल तर. 'द सेंट्री' सगळ्यात शेवटी, आणि तोपण घरी चार दोस्त जमले असतील, भडंगाची पिशवी फोडलेली असेल तरच.